गांज्याचा धूर आणि प्राण्यांवरील प्रयोग

पर्यटनाच्या हंगामात गोव्यातील हणजुणे-वागातोरच्या किनाऱ्यावर गांज्याचा जो धूर दरवळतो, त्याविषयी "झाडपालाच तो, त्याने काय होते" असे आमच्या बार्देशातील शिकलेली माणसेही सहज बोलून जातात. माझा आक्षेप झाडपाल्याला नसून धुराला आहे.

ब्रिटिश सरकारने नेमलेल्या १८९३-९४ च्या भारतीय भांग-गांजा आयोगासाठी कलकत्त्यात डॉ. कनिंगहॅम यांनी एका माकडाला कित्येक महिने गांज्याचा धूर दिला होता. त्याच्या मेंदूत काही बिघाड आढळला नाही. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेत मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट हीथ यांनी नेमके उलट सांगितले, त्याचा गाजावाजाही झाला; परंतु त्यांची माकडे मोजकीच होती, आणि एवढ्याशा आधारावर मेंदूविषयी ठाम विधान करणे मला धाडसाचे वाटते.

खरा विश्वासार्ह प्रयोग अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातला. तेथे ६४ ऱ्हीसस माकडांचे चार गट करून वर्षभर एकाला रोज, दुसऱ्याला केवळ शनिवार-रविवारी गांज्याचा धूर दिला. तिसऱ्याला टीएचसी हे नशा आणणारे द्रव्य काढून टाकलेल्या गांज्याचा धूर मिळाला, तर चौथ्याला धूर दिलाच नाही. या तिसऱ्या गटामुळेच नशेचा परिणाम कोणता आणि निव्वळ धुराचा कोणता, हे वेगळे काढता आले. नशेच्या धुराखाली असलेली माकडे खाऊसाठी कळ दाबण्याचे कष्ट घेईनाशी झाली, मात्र धूर थांबल्यावर काही महिन्यांत ती पूर्ववत झाली. फुप्फुसांचे तसे झाले नाही. धूर बंद होऊन सात महिने उलटल्यावरही सूक्ष्म श्वासनलिकांचा दाह आणि ऊतींचे घट्ट होणे दिसत होते, टीएचसी नसलेला धूर घेणाऱ्यांतही. वायुकोशांच्या पेशींतील काही विकृती तर केवळ टीएचसी असलेल्या गांज्याचा धूर घेणाऱ्यांतच आढळल्या.

काहीही जाळले की कार्बन मोनॉक्साइड व डांबर निर्माण होणारच. गांज्याच्या धुरात तर अमोनिया तंबाखूच्या धुराच्या वीसपटीपर्यंत मोजला गेला आहे.

शॅकमध्ये, म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडीवजा उपाहारगृहांत, वाढपी म्हणून राबणारी मुले स्वतः न ओढताही हाच धूर घेतात, म्हणून २०१६ साली सॅन फ्रान्सिस्कोत उंदरांवर झालेला प्रयोग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्याने सोडलेल्यासारखा विरळ धूर केवळ एक मिनिट दिल्यावर त्यांच्या रक्तवाहिन्यांची प्रसरणक्षमता घटली. तंबाखूच्या बाबतीत ती अर्ध्या तासात सावरली, गांज्याच्या बाबतीत दीड तासानंतरही सावरली नव्हती, आणि टीएचसी काढलेल्या गांज्याच्या धुरानेही तशीच घट झाली.