तुम्ही विचारलंत म्हणून : राक्षसी म्हाकुळाची ओळख

जळगावात, म्हणजे समुद्र गाठायला रात्रभर रेल्वेत बसावे लागते अशा गावात, मी प्राणिशास्त्र शिकवतो. तरी अंटार्क्टिकाभोवतीच्या राक्षसी म्हाकुळाचा (इंग्रजीत कलॉसल स्क्विड) विषय निघाला की ‘सर, जगातला सगळ्यांत लांब म्हाकूळ तो हाच ना?’ हा प्रश्न ठरलेला असतो. तुम्हीही तोच विचारलात. तर, नाही. लांबीचा मान आर्किट्युथिस या दुसऱ्या महाकाय म्हाकुळाचा, कारण त्याच्या दोन सोंडा फार लांब असतात. आपला हा गडी वजनाने भारी. २००७ साली रॉस समुद्रात एका मासेमारी जहाजाला सापडलेला नमुना जेमतेम ४.२ मीटरचा होता, पण भरला ४९५ किलो. आपल्या जिनिंगमधल्या कापसाच्या तीन गासड्यांना थोडासाच कमी.

ओळखीची खरी खूण मात्र नख्यांत आहे. वर्गात मी तापीवरच्या मासेमाराकडून आणलेला गळ हातोहात फिरवतो आणि सांगतो की आर्किट्युथिसच्या चूषकांना, म्हणजे चिकटून धरणाऱ्या वाट्यांना, दातेरी कडी असते, तर याच्या आठही भुजांच्या मधल्या भागात असे टोकदार आकडे असतात आणि त्यांच्या अलीकडे-पलीकडे साधे चूषक. सोंडांवरचे आकडे तर जागच्या जागी गोल फिरतात, त्यामुळे भक्ष्याने कसाही पीळ दिला तरी पकड सुटत नाही. मेसोनिकोट्युथिस या त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थच ‘मधे नख्या असलेला म्हाकूळ’ असा आहे. आणि १९२५ साली हे नाव दिले गेले तेव्हा हाती होत्या केवळ स्पर्म व्हेलच्या पोटातून निघालेल्या भुजा.

डोळ्यांबद्दल मुले न विचारताच थक्क होतात. २००८ मध्ये न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या ‘ते पापा’ संग्रहालयात तो २००७ चा गोठवलेला नमुना वितळवून तपासला, तेव्हा डोळ्याचा व्यास सुमारे २७ सेंटीमीटर, म्हणजे जेवणाच्या थाळीएवढा, असल्याचे दिसले. चाल करून येणाऱ्या व्हेलमुळे पाण्यातले सूक्ष्मजीव चमकतात आणि तो अंधुक उजेड लांबून टिपण्यासाठी असे डोळे उपयोगी पडत असावेत, असे काही संशोधक मानतात. मला ते पटते.

हा म्हाकूळ खोल समुद्रात जिवंत कॅमेऱ्यात सापडायला मात्र मार्च २०२५ उजाडले. साउथ सँडविच बेटांजवळ ६०० मीटर खोलीवर दिसलेले ते पिल्लू फूटभर लांबीचे, काचेसारखे पारदर्शक होते, आणि तज्ज्ञांना त्याची ओळख पटली ती भुजांच्या मधोमध असलेल्या त्या नख्यांवरूनच.