हत, अट, नवय, दहय : श्रीलंकेत बसने बारा रात्री

नेगोंबोतली पहिली सकाळ. रस्त्याकडेच्या एका छोट्या खानावळीत आम्ही न्याहारीला थांबलो होतो. काचेच्या कपाटात तांदळाच्या पिठाच्या गोल जाळीदार चकत्या रचून ठेवल्या होत्या. मी मूळची गुहागरकडची, त्यामुळे बघताक्षणी म्हटलं, हे तर आपले शिरवाळे! तिथे त्यांना इंदिआप्प म्हणतात. मालकीणबाई एकेक चकती उचलून कागदावर ठेवत मोजत होत्या, "एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट, नवय, दहय."

अनघाने माझा दंड घट्ट धरला. "अगं, ऐकलंस? आपलेच आकडे आहेत की!"

अनघा आणि मी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. दोघींनी मिळून परदेशी जायचं हे बरीच वर्षं ठरत होतं. 2024 च्या फेब्रुवारीत जमलं. मुंबईहून कोलंबो जेमतेम अडीच तासांवर, तरी आमच्या ओळखीतले बहुतेक लोक पाच दिवसांत गाडी ठरवून देश 'करून' आलेले. आम्ही बारा रात्री ठेवल्या आणि फिरलो बसने, रेल्वेने. कुणी विचारलं तर मी आग्रहाने हेच सांगेन. कोलंबोहून कँडी सव्वाशे किलोमीटरसुद्धा नाही, पण बसला तीन-चार तास लागतात. नकाशा बघून आठ गावं ठरवाल तर आठही खिडकीतूनच दिसतील. चार-पाच घ्या आणि प्रत्येक ठिकाणी निदान दोन रात्री राहा. आमच्या मुक्कामांचा हिशोब असा : नेगोंबो एक, अनुराधापूर दोन, सिगिरिया दोन, कँडी दोन, एल्ला तीन, गॉल दोन.

आधी हवामानाचं सांगते, कारण इथे चुकलं की सगळंच चुकतं. बेट छोटं असलं तरी पाऊस दोन दिशांनी येतो. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा मान्सून, तो पश्चिम-दक्षिण किनारा आणि डोंगर भिजवतो. डिसेंबरच्या आसपास ईशान्येकडून येतो तो उत्तर-पूर्वेला. त्यामुळे गॉल, कँडी, एल्ला करायचं असेल तर जानेवारी ते मार्च उत्तम. शाळेच्या मे महिन्याच्या सुट्टीतच जाणार असाल तर त्रिंकोमालीकडचा पूर्व किनारा धरा, तेव्हा तिथे ऊन असतं.

आता त्या न्याहारीकडे परत येते. अनघा शाकाहारी आहे. इंदिआप्पांबरोबर नारळाच्या दुधातलं वरण आलं, त्याला परिप्पु म्हणतात, आणि पोल संबोल, म्हणजे ओल्या नारळाची लाल मिरची घालून कांडलेली चटणी. तिने चवीने खाल्ली. तिसऱ्या घासाला मला वास आला. चटणीत उंबलकड होतं, म्हणजे मालदीवकडच्या पद्धतीने सुकवलेल्या माशाचा चुरा. आपल्याकडे सुकटीची चटणी करतात तशातलं. अनघाला फार वाईट वाटलं, तो दिवस तिने केळ्यांवर काढला. चूक मालकीणबाईंची नव्हती. त्यांच्या लेखी तो मसाला होता, मासा नव्हे. शाकाहारी मंडळींनी हे वाक्य पाठच करावं : "मस्, माळु, उंबलकड एपा." मांस, मासे, उंबलकड नको. नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही. हे वाक्य म्हणायला लागल्यापासून मात्र अनघाचं जेवण माझ्यापेक्षा चांगलं झालं. कोवळ्या फणसाची भाजी (पोलोस), बिटाची भाजी, पालेभाजी बारीक चिरून खोबऱ्याबरोबर जरा परतलेलं मल्लुम, वरण आणि ढीगभर भात. दुपारी 'राइस अँड करी' अशी पाटी दिसली की आत जायचं. संध्याकाळी मिळत नाही, तेव्हा आप्प, म्हणजे तांदळाच्या पिठाचे वाटीसारखे खोलगट घावन, किंवा तव्यावर खडखडाट करत तोडलेली कोत्तु रोटी.

भाताला तिथे बत् म्हणतात. आंब्याला अंब. गावाला गम. सिंहली ही आपल्या मराठीच्याच कुळातली, फार पूर्वी समुद्रापलीकडे गेलेली आणि मग बाकीच्या बहिणींपासून तुटलेली भाषा. हे वाचून माहीत होतं. पण बसमध्ये कंडक्टर तिकिटाचे पैसे सांगताना 'असूव' म्हणतो आणि आपला हात आपोआप ऐंशी रुपये काढायला जातो, तेव्हा ते वेगळंच कळतं.

बसबद्दल. लाल बस सरकारी, बाकी रंगीबेरंगी खासगी. साध्या बसला आरक्षण नसतं. स्थानकात जाऊन गावाचं नाव घ्यायचं, कुणीतरी हात धरून योग्य बसपाशी नेतंच. सामान छोटं ठेवा. मोठी बॅग ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या उंचवट्यावर ठेवतात, तीही एखादीच मावते. पुढची आसनं भिक्खूंसाठी राखीव असतात, तिथे बसू नका. तिकीट आपल्या मानाने खूपच स्वस्त आहे. आम्ही गेलो तेव्हा भारतीय रुपयाला साडेतीन-पावणेचार श्रीलंकन रुपये मिळत होते. गावात फिरायला तीनचाकी, तिथल्या भाषेत 'त्रीवील', आणि त्यातल्या बहुतेक आपल्या बजाजच्या. मोठ्या गावांत पिकमी हे तिथलं अॅप वापरा, दराची घासाघीस टळते. व्हिसासाठीची ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास-परवानगी, मात्र निघण्याआधी घरूनच आणि सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट जास्तीचे पैसे घेतात.

नेगोंबोहून चिलाव, पुत्तलममार्गे अनुराधापूरला पोचलो आणि दुसऱ्या दिवशी पौर्णिमा निघाली. तिथे प्रत्येक पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते, तिला पोया म्हणतात. दारूची दुकानं बंद, मटणाचीही. प्रवासाच्या तारखा ठरवताना पोया कधी आहे ते आवर्जून बघा. त्या दिवशी बस आणि खोल्या दोन्ही भरलेल्या असतात. आम्ही न बघता गेलो आणि भाग्य असं की माघी पौर्णिमा अनुराधापुरात मिळाली.

पहाटे साडेपाचला महाबोधी वृक्षाकडे निघालो तेव्हा सगळा रस्ता पांढऱ्या कपड्यांनी भरलेला. म्हाताऱ्या बायका, कडेवर पोरं, हातात कमळांच्या कळ्या. अशोकाची मुलगी संघमित्रा बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी घेऊन आली, ती देवानांपिय तिस्स राजाने इथे लावली, अशी परंपरा आहे. म्हणजे ख्रिस्तपूर्व तिसरं शतक. सोन्याच्या टेकूंवर झुकलेली ती फांदी बघताना माझ्या शेजारच्या आजींनी विचारलं, "इंदियाव?" मी मान हलवली. त्यांनी आपल्या परडीतली दोन फुलं उचलून माझ्या आणि अनघाच्या हातात दिली आणि झाडाकडे बोट दाखवलं. झाड तुमच्याकडून आलं, तुम्हीही वाहा. आमच्यात एवढंच बोलणं झालं.

तिथून रुवनवेलिसाय स्तूप, आणि पुढे जेतवनाराम. हा विटांचा स्तूप बांधला तेव्हा 120 मीटरच्या वर उंच होता, त्या काळच्या जगातल्या सगळ्यांत उंच इमारतींपैकी एक. देवळांत चप्पल काढावी लागते आणि दुपारी फरशी अक्षरशः भाजते. जाडे मोजे न्या, ते चालतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, तो अपमान समजतात. अंगावर बुद्धाचं टॅटू असेल तर झाकून ठेवा, यावरून परदेशी पाहुण्यांना परत पाठवल्याची उदाहरणं आहेत.

अनुराधापूरच्या भोवती तलाव आहेत, दोन हजार वर्षांपूर्वी माणसांनी बांधलेले आणि आजही भातशेतीला पाणी देणारे. सिंहलीत तलावाला 'वॅव' म्हणतात. मूळ शब्द वापी. आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात, तीही वापीच. संध्याकाळी तिस्स वॅवच्या बांधावर बसून आम्ही या एका शब्दावर तासभर बोललो. गावाच्या पाण्याची एवढी काळजी इतक्या पूर्वी घेणाऱ्या लोकांबद्दल मला फार आदर वाटला. स्तूपांपेक्षाही जास्त.

सिगिरियाला दार उघडतानाच आत जा. सुमारे बाराशे पायऱ्या आहेत आणि नऊनंतर खडक तापतो. पाचव्या शतकात कश्यप राजाने बापाला मारून गादी घेतली आणि भावाच्या भीतीने या दोनशे मीटर उंच खडकावर राजवाडा बांधला. वाटेत भिंतीवरची रंगवलेली चित्रं आहेत, तिथे फोटोला बंदी. त्याखालच्या 'आरसा भिंती'वर शेकडो वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्यांनी कविता कोरल्यात. बहुतेक त्या चित्रांतल्या बायकांना उद्देशून. वरच्या दाराशी बांधलेल्या सिंहाच्या पंजांपाशी गांधीलमाश्यांची सूचना लावलेली आहे, आवाज करू नका म्हणून. ती गंभीरपणे घ्या. सार्क देशांच्या नागरिकांना तिकिटात सवलत असते, पण मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो, म्हणून तो जवळ ठेवा. आणि या भागात अंधार पडल्यावर पायी किंवा दुचाकीवर फिरू नका. रानहत्ती रस्त्यावर येतात. आमच्या घरमालकांनी सहानंतर आम्हाला फाटकाबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. दंबुल्लाची पाच लेणी तिथून बसने अर्ध्या-पाऊण तासावर आहेत. अजिंठा पाहिलेल्यांनी तुलना न करता पाहावीत.

कँडीत दंतधातूच्या, म्हणजे बुद्धाच्या दाताच्या, मंदिरात संध्याकाळच्या पूजेला ढोल ऐकायला थांबा. बाकी गाव मला गजबजलेलं वाटलं.

कँडी ते एल्ला ही रेल्वे सगळ्यांना हवी असते. आरक्षण महिनाभर आधी उघडतं आणि लगेच संपतं. आम्हाला मिळालं नाही. दुसऱ्या वर्गाच्या विनाआरक्षित डब्यात चढलो आणि हॅटनपर्यंत उभ्याने गेलो. हॅटनला चहामळ्यातल्या बायकांचा एक घोळका उतरला, उतरताना त्यातल्या एकीने अनघाला खांद्याला धरून आपल्या जागेवर बसवलं. या बायका तमिळ बोलतात. इंग्रजांनी त्यांच्या पणजोबांना मद्रासकडून मळ्यांवर आणलं. आधी कॉफीसाठी, आणि कॉफी रोगाने बसल्यावर चहासाठी. खिडकीतून दिसणारा तो हिरवा उतार सुंदर आहेच, पण पाठीवर पोतं बांधून त्यावर वाकलेली माणसं दिसली की नुसतं सुंदर म्हणून पुढे जाववत नाही. पट्टीपोला स्टेशन सुमारे 1,900 मीटरवर आहे. त्याच्या पुढचा बोगदा ओलांडला आणि धुकं मागे राहून लख्ख ऊन आलं. दारात लटकून फोटो काढायचा मोह होतो. कडे आणि बोगद्यांच्या भिंती फार जवळून जातात, करू नका. पावसात या मार्गावर दरडी पडून गाड्या बंद होतात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करा. पूर्ण प्रवास सहा-सात तासांचा आहे. पाणी, खायला आणि स्वेटर हाताशी ठेवा. एल्लाचा 1921 मधला नऊ कमानींचा पूल सकाळी सातच्या आधी पाहा, नंतर गर्दी होते.

एल्लाहून बसने मातरा आणि तिथून गॉल. डचांनी बांधलेल्या तटावर संध्याकाळी सगळं गाव फिरायला येतं, पोरं पतंग उडवतात. गॉलहून कोलंबोची रेल्वे किनाऱ्याला चिकटून जाते. समुद्राच्या बाजूला बसा. वाटेत पेरलिय लागतं. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीने तिथे एक भरलेली गाडी रुळांवरून उचलली, हजारांवर माणसं गेली. डब्यातले बोलणारे आवाज तिथे खाली आल्याचं मला जाणवलं.

गॉलमधल्या दोन दिवसांत आम्ही रोज मातीच्या गाडग्यात लावलेलं म्हशीचं दही खाल्लं, वर कितुलचा काकवीसारखा पाक. कितुल म्हणजे आपला भेरली माड. आमच्या परसात दोन आहेत. त्याचा असा पाक होतो हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. निघायच्या सकाळी तो घरी न्यावा म्हणून बाजारात गेलो. पाकाची बाटली विमानात सोबत नेता येत नाही, मोठ्या बॅगेत नीट गुंडाळून ठेवा. दुकानदार म्हणाला, मग गूळ घ्या, सांडायची भीती नाही. त्याने केळीच्या पानात बांधलेल्या काळपट वड्या पुढे केल्या. "हकुरु."

अनघा वड्या हातात घेऊन उभी राहिली. ओठ हलत होते. "सात म्हणजे हत," ती हळूच म्हणाली. "सहा म्हणजे हय. 'स'चा 'ह' होतो यांच्यात." मग दुकानदाराकडे वळून तिने विचारलं, "हकुरु... साखर?"

त्याला कळलं नाही. तरी तो हसला आणि एक वडी जास्तीची घातली.