मेमधलं पुस्तक

फेब्रुवारी संपता संपता, परवा दुपारी, यंदा पहिल्यांदा पंखा लावला. आधी चार महिन्यांची धूळ खाली आली, मग वारा. टीपॉयवरच्या नव्या पुस्तकाची पानं फडफडत आपणहून शेवटाकडे निघाली, तशी मी झटकन हात ठेवला. ते पुस्तक आत्ता वाचायचं नाहीये. ते मेमधलं आहे.

घरात यावर सगळ्यांचं हसून झालंय. नोकरीला लागून बावीस वर्षं झाली, मेची सुट्टी कोण देतंय? पण वार्षिक परीक्षेआधी गोष्टीचं पुस्तक उघडलं तर पाप लागतं, हे एकदा डोक्यात बसलं ते बसलंच.

शेवटचा पेपर टाकला की आम्ही थेट वाचनालयात. दारावर पाटी होती, ‘शासनमान्य ब वर्ग’. शाळेत हुशार मुलं ‘अ’ तुकडीत असायची, म्हणून मला वाटे हे वाचनालय अभ्यासात जरा कच्चं असणार. (अनुदानासाठी ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग करतात, हे फार उशिरा कळलं. तोवर मला त्याची दया यायची.) ‘किशोर’चे जुने अंक तिथे सुतळीने एकत्र बांधून ठेवलेले असत. रहस्यकथांची शेवटची पानं बहुधा गळालेली, पण पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीने ‘चोर मामा आहे’ असं लिहून ठेवलेलं. म्हणजे हिशेब चुकता.

दिवसाला एकच पुस्तक. सकाळी नेलेलं संध्याकाळी परत आणलं की तिथले काका चष्म्यावरून बघत, “वाचलंस, की नुसतं चाळलंस?” आणि मधलंच पान काढून प्रश्न विचारत. वार्षिक परीक्षेत असा घाम कधी फुटला नाही.

वाचायची जागा म्हणजे गच्ची. आजीच्या कुरडया वाळत आणि राखणीला मी. तीन दिवस भिजवलेले गहू वाटून, गाळून, पहाटे चीक शिजायचा. सोऱ्यातून जुन्या धोतरावर एकेक चक्र पडेपर्यंत ऊन पायरीवर आलेलं असे. मधोमध काळी छत्री उघडून ठेवायची, कावळ्यांना धाक म्हणून. त्या छत्रीखाली डोकं घालून मी पालथी पडायची. एका हातात वाटीतला गरम चीक, वर तूप-साखर, दुसऱ्या हाताखाली पुस्तक. वाऱ्याने पान उलटू नये म्हणून त्यावर आजीचा अडकित्ता. गोष्ट अगदी भुयाराच्या तोंडाशी आली की खालून हाक येणारच, “अगं ए, कावळा!” कावळा तोवर अख्खी कुरडई घेऊन कठड्यावर पोचलेला. छत्रीला तो कधीच भ्यायला नाही.

एकदा चीक पुस्तकावर सांडला. पुसायला गेले तर पान आणखीच चिकटलं. दुसऱ्या दिवशी ते पुस्तक मी बाकीच्या परत आलेल्या पुस्तकांच्या मध्ये हळूच सरकवायला गेले. काकांनी नेमकं तेच काढलं. डागावर नख घासून पाहिलं, वास घेतला. मी दंडाचे पैसे मुठीत धरून उभी.

“कुरडया झाल्या वाटतं,” ते म्हणाले. “आजीला सांग, आमच्याकडे यंदा कुणी करणारं नाही.”

बाकी काही बोलले नाहीत. आजीने संध्याकाळी डबा भरून दिला. त्या वर्षी मला एकही प्रश्न विचारला गेला नाही, आणि मी दोन पुस्तकं नुसती चाळून परत केली, हे आज सांगायला हरकत नाही.

पंखा कुरकुरतोय, तेल घालायला हवं. पुस्तक उचलून कपाटात ठेवलं. तिथे गेल्या मेमधलंही एक तसंच पडलंय.