फळ्याला 'फया' का नाही?

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा आला की आम्हा मराठीच्या प्राध्यापकांना भाव येतो. एरवी वर्षभर कुणी विचारत नाही. 27 तारखेच्या आगेमागे मात्र शाल, नारळ आणि 'सर, अर्धा तास बोला, पण जरा अभिमानाचं बोला' अशी प्रेमळ सूचना. मी भाषाविज्ञान शिकवतो, अभिमानाचं मला जमत नाही. 'भाषेबद्दल ऐकलेलं सगळं खरं असतं का?' हा माझा ठरलेला विषय. पत्रिकेत तो 'माय मराठीची थोरवी' होऊन छापला जातो.

यंदा अमळनेर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात होतो. प्रोजेक्टर नव्हता, ते एक बरंच झालं. शेजारच्या शाळेतून दोन पोरांनी फळा उचलून आणला.

सुरुवात नेहमी नासापासून करतो. संगणकासाठी संस्कृतच सर्वांत योग्य असं नासा म्हणते, हा मेसेज आमच्या स्टाफरूमच्या ग्रुपवरही फिरतो आणि पाठवणारे पीएचडी असतात. मुळात आहे काय, तर 1985 साली नासाच्या एका केंद्रातल्या रिक ब्रिग्ज या संशोधकानं 'एआय मॅगझिन'मध्ये लिहिलेला एक लेख. वाक्याचा अर्थ कर्ता, कर्म, करण असा सुटा सुटा मांडायची संस्कृत वैयाकरणांची रीत आणि संगणकाला अर्थ कळावा म्हणून तेव्हा वापरत ते आराखडे, यांत त्याला साम्य दिसलं. प्रोग्रॅम संस्कृतात लिहा असं त्यात नाही, नासाचा ठराव तर नाहीच. मी लेखाची झेरॉक्स सोबत नेतो आणि सभेत फिरवतो. वाचत कुणीच नाही. पण कागद हातात आला की आवाज खाली येतो.

मग पहिल्या रांगेतले निवृत्त गुरुजी उठले. सत्तरी ओलांडलेली, हातात जाड वही. तीस वर्षं जमवलेले शब्द. "अमळनेर, जामनेर, पिंपळनेर! नेर म्हणजे काय? नियर! जवळ! इंग्रजांनी हा शब्द आपल्याकडूनच नेला." सभेनं टाळ्या वाजवल्या.

मी म्हटलं, गुरुजी, ऑस्ट्रेलियातल्या म्बाबाराम भाषेत कुत्र्याला 'डॉग'च म्हणत, आणि इंग्रजीशी त्या शब्दाचा काडीचा संबंध नाही. फारसीतला 'बद' आणि इंग्रजीतला 'बॅड' यांचंही तेच. हजारो शब्दांच्या दोन भाषा शेजारी ठेवल्या की चारदोन जुळणारच. नात्याचा पुरावा एकट्यादुकट्या शब्दात नसतो, तो रांगेत असतो. नगर, नयर, नेर असा माग लागतो, आणि तो बिकानेरलाही लागू पडतो.

रांग म्हणजे काय ते दाखवायला खडू घेतला. हा माझा हातखंडा भाग आहे. डाव्या बाजूला लिहिलं काळा, डोळा, केळी, डाळ. उजवी बाजू सभेनंच आपल्या खानदेशी बोलीत भरली: काया, डोया, केयी, डाय. मागून कुणीतरी ओरडलं, "जयगाव!" बायका हसायला लागल्या. मी म्हटलं, बघा, तुम्ही 'अशुद्ध' बोलत नाही, तुम्ही नियमानं बोलता. भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रिअर्सननं त्या पाहणीच्या 1907 च्या खंडात खानदेशी ठेवली ती मराठीत नव्हे, भिल्ली भाषांबरोबर. (हे ऐकून अध्यक्षांचा चेहरा जरा पडला. भिल्ली शब्दामुळे, हे उघडच होतं. त्याबद्दल वेगळं भाषण लागेल.)

तेवढ्यात नववी-दहावीतली एक मुलगी उभी राहिली. तिनं माझ्या मागे बोट दाखवलं. "सर, आम्ही फळ्याला फया नाही म्हणत."

मी एक क्षणही थांबलो नाही. "अगं, फळा हा शब्द शाळेबरोबर आला. घरातले शब्द बदलतात, पुस्तकी तसेच राहतात." पुन्हा टाळ्या, गुरुजींना मिळाल्या तेवढ्याच.

"मग शाया कशी झाली? ती पण शाळेबरोबरच आली ना?"

मी तोंड उघडलं. सूत्रसंचालकांनी माईक ओढून घेतला, "वेळेअभावी" म्हणाले आणि आभार सुरू झाले. मुलीला तिच्या बाईंनी हाताला धरून खाली बसवलं. मला हायसं वाटलं, हे लिहायला लाज वाटते. गुरुजींनी निदान तीस वर्षं शब्द जमवले होते. मी माझी गोष्ट जागच्या जागी रचली होती, कुणाला एका शब्दानं न विचारता. आणि त्या आधी पाऊण तास लोकांना काय सांगत होतो, तर 'पुरावा विचारा'.

नंतर भरीत आणि कळण्याची भाकरी. गुरुजी माझ्याशेजारीच बसले, पण नेरबद्दल बोलले नाहीत. निघताना मी त्यांना म्हटलं, जमलं तर फळ्याला कोण काय म्हणतं ते गावात विचारून ठेवा.

आठवड्यानं त्यांचा फोन आला. वहीची पानं उलटल्याचा आवाज येत होता.

"सर, म्हतारीले इचारं. ती फळा म्हनसच नई, कायी पाटी म्हनस."

म्हणजे फळा तिच्या बोलीत आलाच नव्हता. माझी गोष्ट खरी निघण्याचा जरासा संभव होता, आणि मी खुर्चीत सावरून बसलो.

"मंग शायानं काय, सर?" गुरुजी म्हणाले.