सीटमागची पाच इंच जागा

रविवार, रात्री साडेअकरा

नखांत एमडीएफचा, म्हणजे दाबीव लाकडी फळीचा, भुसा अडकलाय, अंगठ्याला कटरची चीर आहे आणि कानात अजून ५० हर्ट्झचा तो एकसुरी घुमारा आहे. पण काम झालं: पिकअपच्या सीटमागे वूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, बसला. तीन शनिवार-रविवार गेले.

खरं म्हणजे पहिला आठवडा नुसता हट्टात घालवला. जुन्या गाडीतला १२ इंची वूफर घरात पडून होता आणि तो पिकअपमध्ये बसवायचाच, असं मी ठरवून टाकलं होतं. दोन माणसांची केबिन. सीटच्या पाठीपासून मागच्या पत्र्यापर्यंत वरच्या बाजूला ५ इंच, खाली ८. त्यातही जॅक, पान्हा आणि एक जुनी चादर कोंबलेली. त्या वूफरची खोलीच साडेसहा इंच. मग म्हटलं, सीट चार इंच पुढे घेऊ, त्यात काय!

नशीब, लाकूड कापायच्या आधी पुठ्ठ्याचा बॉक्स करून पाहिला. तो मागे ठेवला, सीट पुढे ओढली आणि बाबांना म्हटलं, जरा बसून बघता का. बसले. गुडघे थेट डॅशबोर्डला.

"गाणी ऐकायला बसायचं की गुडघे मोडून घ्यायला?"

माझ्या बाजूला तर स्टिअरिंग छातीला लागायचंच बाकी होतं. एअरबॅग असलेल्या गाडीत छाती आणि स्टिअरिंगचा मधला भाग यांत किमान २५ सेंटीमीटर अंतर हवं, हे मला माहीत होतं. तरी मी दहा मिनिटं मनातल्या मनात "चालेल की" करत बसलो होतो. चालणार नव्हतं. पुठ्ठा मोडला, वूफर परत माळ्यावर.

दुसऱ्या आठवड्यात शहाणपण आलं. १० इंची, साडेतीन इंच खोलीचा चपटा वूफर घेतला. त्याला बंद बॉक्स लागतो साधारण १७ लिटरचा. बॉक्स पाचरीसारखा, वर ४ इंच आणि खाली ७, म्हणजे पत्र्याच्या उतारालाही बसतो आणि पुढे वूफरचा कोन, म्हणजे त्याचा हलणारा पडदा, मागेपुढे व्हायला इंचभर जागाही उरते. पोर्टवाला, म्हणजे हवेसाठी तोंड ठेवलेला, बॉक्स अजून दणकून वाजला असता, पण त्याला दुप्पट तरी जागा हवी. ती नाही. विषय संपला.

१८ मिलिमीटरचा एमडीएफ कापला, सांध्यांना गम, मग स्क्रू, आतून सगळ्या कडांना सिलिकॉनची धार. बॉक्सची हवाबंदी तपासायची माझी पद्धत अगदी गावठी आहे: वूफर बसवल्यावर कोन दोन्ही तळव्यांनी हळूच आत दाबायचा आणि सोडायचा. सावकाश परत आला तर बॉक्स बंद, झटकन आला तर कुठेतरी गळतोय. माझा पहिल्यांदा झटकन आला. वायरच्या भोकाला सिलिकॉन लावायचंच राहिलं होतं.

आता ज्यासाठी खरं हे लिहायला बसलो ते. लहान केबिनला मी आठवडाभर शिव्या देत होतो आणि आवाजाचा सगळा दणका तीच केबिन देतेय. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला आणि केबिनची सर्वांत लांब बाजू दीड-पावणेदोन मीटर, तर साधारण १०० हर्ट्झच्या खाली अर्धी लाटही आत मावत नाही. मग लाट पसरण्याऐवजी सगळ्या केबिनचा दाबच एकदम वरखाली होतो. जितका सूर खाली, तितका केबिनचा हातभार जास्त; कागदावर दर सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत. प्रत्यक्षात पत्रा लवतो, दारांच्या फटीतून हवा निसटते, त्यामुळे तेवढं पदरात पडत नाही. पण बंद बॉक्सचा आवाज खाली जाताना साधारण त्याच उताराने पडतो. म्हणजे बॉक्स जिथे दम सोडतो तिथे केबिन उचलून धरते. हाच बॉक्स अंगणात वाजवून पाहिला होता तेव्हा काय किरकिरा वाटला! वाटलं, पैसे पाण्यात. आत ठेवला आणि पोटात जाणवला.

म्हणून १००० वॉटचा ॲम्प्लिफायर (ॲम्प) घेतला नाही याचंही आता वाईट वाटत नाही. वॉट दुप्पट केले की वाढतात फक्त ३ डेसिबल. आणि ते वॉट येणार त्याच बिचाऱ्या बॅटरी-अल्टरनेटरमधून. माझा ५०० वॉट आरएमएसचा (म्हणजे सलग देता येणारे वॉट) क्लास-डी, म्हणजे वीज कमी वाया घालवणारा, ॲम्प पूर्ण जोरात ४५ अँपियरच्या आसपास ओढेल, म्हणून ४ गेजची जाड वायर आणि बॅटरीपासून वीतभरावर ६० अँपियरचा फ्यूज. लोक हा फ्यूज ॲम्पजवळ बसवतात आणि निर्धास्त होतात. अहो, तो ॲम्पसाठी नसतो, वायरसाठी असतो! इंजिनच्या पत्र्यातून वायर आत येते तिथे ग्रोमेट, म्हणजे भोकात बसवायची रबरी कडी, नसेल आणि पत्र्याची धार वायरला कापत असेल, तर टोकाचा फ्यूज नुसता बघत बसणार.

अर्थिंगने मात्र मला शनिवारी रडवलं. आळस केला आणि सीटच्या बोल्टलाच अर्थ दिला. गाडी चालू केली तर स्पीकरमधून बारीक शिटी, ॲक्सिलरेटर दाबला की चढते, सोडला की उतरते. आधी सिग्नलच्या वायरींवर संशय घेतला, त्या उपसून दुसऱ्या बाजूने नेल्या. तासभर वाया. शेवटी मागच्या पत्र्यावर रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, वीतभर वायरने तिथे अर्थ दिला आणि शिटी गेली. घासलेल्या जागेला गंज चढू नये म्हणून वरून रंगाचा हात मारून घेतला.

गेन, म्हणजे ॲम्प आलेला सिग्नल किती वाढवणार ते ठरवणारी खुंटी, कानाने लावायचा नाही, एवढं यावेळी पाळलं. ॲम्पचे ५०० वॉट आणि वूफरचा रोध २ ओहम, गुणाकाराचं वर्गमूळ ३१.६ व्होल्ट. वूफर सुटा केला, ५० हर्ट्झचा टोन लावला, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून आकडा तिथपर्यंत गेला की हात काढून घेतला. वूफरला त्याच्या वरचे सूर जाऊ नयेत म्हणून फिल्टर ८० हर्ट्झला.

मग पहिलं गाणं लावलं आणि अख्खी गाडी बोलायला लागली. नंबरप्लेट, मागची काच, छताचा दिवा, ऊन अडवायची पट्टी. ३० पासून १०० हर्ट्झपर्यंत टोन हळूहळू चढवत एकेका वस्तूवर तळवा टेकवत फिरलो. नंबरप्लेट ४३ ला पकडली. तिच्यामागे फोमची पट्टी, मागच्या पत्र्याला थरथर शोषणारी डॅम्पिंग शीट. छताचा दिवा अजून अधूनमधून कुरकुरतो. कुरकुरू दे.

एक गंमत राहिली. वूफरच्या दोन तारा उलट केल्यावर आवाज भरला. डोअर स्पीकर आणि वूफर ८० हर्ट्झच्या आसपास एक हवा ढकलताना दुसरा ओढत होता, म्हणून एकमेकांना खात होते, आणि मी मात्र इक्वलायझरशी मारामारी करत बसलो होतो.

संध्याकाळी बाबांना चक्कर मारायला नेलं. सीट जिथे होती तिथेच, पाय लांब. वूफर माझ्या सीटमागे, ॲम्प आणि जॅक त्यांच्या. त्यांच्या आवडीचं जुनं गाणं लावलं, आवाज बेताचाच. डग्ग्याची घुमक इतकी सुटी ऐकू येत होती की मीच वेग कमी केला. बाबा गाणं संपेपर्यंत काही बोलले नाहीत. संपल्यावर सीटमागे हात घालून जॅक जागेवर आहे ना, ते चाचपून पाहिलं.