मे महिन्यातली दुपार आणि वृंदावनी सारंग

मे महिन्यात बायको मुलीला घेऊन माहेरी, अकोल्याला गेली आणि नागपुरातल्या धरमपेठेतलं घर माझ्या एकट्याच्या ताब्यात आलं. पियानोसाठी स्वतःचं काहीतरी रचायचं हे कित्येक वर्षं मनात होतं. घरात शांतता नसते, ही सबब आता चालणार नव्हती.

पण सुचेना काही. एकांत मिळाला की सूर आपोआप झरतात, ही समजूत आपण मोठ्यांच्या गोष्टी ऐकून करून घेतो. संगीतकार शोपँने पियानोसाठीचे आपले 24 प्रेल्यूड, म्हणजे छोट्या रचना, 1838-39च्या हिवाळ्यात स्पेनच्या मायोर्का बेटावर पूर्ण केले, हे खरं. पण त्यातले काही आधीच लिहून झाले होते, आणि बेटावर त्याची प्रेयसी, लेखिका जॉर्ज सँड आणि तिची मुलंही सोबत होती. म्हणजे पुरता एकटा तोही नव्हताच!

माझा पियानो डिजिटल. बाहेर पारा 45च्या आसपास आणि घरात कूलरची ओल, अशा हवेत लाकडी पियानो सुरात ठेवणं म्हणजे पांढरा हत्ती पोसणं. हाही मी वाळ्याच्या ताट्यांसमोरून उचलून आतल्या खोलीत नेला. भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, तीच वेळ धरली आणि वेळेचा राग घेतला, वृंदावनी सारंग.

या रागात ग आणि ध नाहीत. सा वर कॉर्ड, म्हणजे तीन सूर एकत्र, धरावा तर मेजर की मायनर हे ठरवणारा मधला ग च नाही, म्हणजे धड मेजर नाही, धड मायनर नाही. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, ती तर पियानोवर नसतेच. पट्टी दाबली की सूर विरायला लागतो. मी डाव्या हाताने नुसतं सा-प, सा-प भरत राहिलो. फोनवर रेकॉर्ड केलेलं सकाळी ऐकलं, तर पेटीच्या क्लासची आठवण झाली.

वाट सापडली पंचमावर. सारंगात चढताना शुद्ध नी, उतरताना कोमल. प-नी-रे एकत्र दाबले, तर शुद्ध नी ने मेजर कॉर्ड होतो, कोमलने मायनर. सा पांढरी एक धरला, तर एकच बोट पांढरी सातवरून काळी पाचवर सरकतं. त्या एका सरकण्यावर अख्खी दुपार काढायची, पेडल दाबून आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबायचं, परत तेच. घरात माणसं असती तर हे कुणी खपवून घेतलं नसतं. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारताना शेजारच्या काकांनी विचारलंच, "काहून जी, एकच सूर वाजवून राहिले दिवसभर? बिघडला का तो पियानो?"

सा-प काढून टाकलं, डावा हात बराच मोकळा ठेवला आणि मग रचना उभी राहिली. लिहून ठेवली भातखंडे स्वरलिपीतच. पेडलच्या खुणा मात्र माझ्या मीच ठरवल्या.

शेवट प-रे वर केलाय, नी गाळून. अकोल्याहून परतलेल्या लेकीला ते मुळीच पटलेलं नाही. माझं वाजवून झालं की ती येऊन शुद्ध नी दाबते आणि निघून जाते.