क्रिस्टीचा टॅक्स आणि पाडव्याची नाईट शिफ्ट

२०१६ ची गोष्ट आहे. ३१ ऑक्टोबर, सोमवार. त्या दिवशी पाडवा पण होता आणि इकडचं हॅलोविन पण, आणि मी रूट २७ वर एका गॅस स्टेशनला दुपारी चार ते रात्री बारा अशा शिफ्टला होतो. गॅस म्हणजे पेट्रोलच, इथे सगळे गॅस म्हणतात. न्यू जर्सीत आपण स्वतः पेट्रोल भरायचं नाही असा १९४९ पासून कायदा आहे, त्यामुळे आपल्याकडच्यासारखं गाडी उभी करायची, काच खाली करायची आणि पंपवाल्याने भरायचं. त्या कायद्यावर आमच्यासारख्या कित्येक देशी लोकांची घरं चालतात.

तर झालं होतं असं की १ नोव्हेंबरपासून गॅलनमागे २३ सेंट टॅक्स वाढणार होता. आधी होता साडेचौदा सेंट, अलास्का सोडलं तर अख्ख्या देशात सगळ्यात कमी, आणि १९८८ नंतर वाढवलाच नव्हता. जर्सीवाल्यांना या गोष्टीचा भारी अभिमान. शाळा महाग, घराचा टॅक्स महाग, पण पेट्रोल स्वस्त! ते पण गेलं. गव्हर्नर ख्रिस क्रिस्टीने सही केली आणि एका रात्रीत साडेसदतीस सेंट.

मी चार वाजता पोचलो तेव्हाच लाईन रस्त्यावर गेलेली. मालक पंजाबी, त्यांना आम्ही पाजी म्हणायचो, ते स्वतः बाहेर उभे राहून गाड्या वळवत होते. बूथच्या काचेवर त्यांनी मार्करने लिहून एक कागद चिकटवला होता, 'टॅक्स ट्रेंटनने वाढवलाय, आम्ही नाही. पंपवाल्यावर ओरडू नका प्लीज.' ट्रेंटन म्हणजे इथली राजधानी. मला वाटलं पाजी जरा जास्तच करतायत. सात वाजेपर्यंत मला वाटायला लागलं की तो कागद छातीवर लावून फिरावं.

कारण सगळे फिल इट अप. एरवी दहा डॉलर, वीस डॉलर म्हणणारे पण त्या दिवशी फुल टाकी. नोझल कट झालं की सोडायचं असतं, पण नाही, अजून थोडं, अजून थोडं, एकाच्या गाडीवरून सांडून माझ्या बुटावर आलं. एक बाई दुधाचे रिकामे प्लॅस्टिकचे गॅलन घेऊन आल्या, म्हटलं मॅडम यात नाही भरता येत, लाल कॅनच लागतो, तर म्हणे तुझा गव्हर्नर मला लुटतोय आणि वर तू मला नियम सांगतोस? माझा गव्हर्नर! माझं ग्रीन कार्ड तेव्हा दोन वर्षांचं पण झालं नव्हतं, मत द्यायचा पत्ता नाही आणि गव्हर्नर माझा.

हिशोब बघा. पंधरा गॅलनची टाकी, २३ सेंटप्रमाणे वाचले किती, तर तीन डॉलर पंचेचाळीस सेंट. त्यासाठी माणसं पाऊण तास इंजिन चालू ठेवून लाईनीत उभी. पैशाचं नव्हतंच ते. राग होता सगळा, आणि गव्हर्नर काही काच खाली केल्यावर समोर येत नाही, समोर मी येतो.

आता हे नीट कळायला चार वर्षं मागे जावं लागेल. २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळ आलं तेव्हा मी याच पंपावर होतो. लाईट गेलेली, टाकीत पेट्रोल आहे पण पंप चालत नाहीत, जिथे चालू तिथे मैलभर लाईन. मग क्रिस्टीने १२ काउंटीत, म्हणजे जिल्ह्यांत, सम-विषम लावलं, नंबर प्लेटचा शेवटचा आकडा बघून पेट्रोल द्यायचं. मी टॉर्च घेऊन नंबर बघत फिरायचो. तेव्हा पण लोक थकलेले, घरात थंडी, पण त्या माणसाला कोणी नावं ठेवत नव्हतं. तो निळं फ्लीसचं जॅकेट घालून रोज टीव्हीवर, किनाऱ्यावर, लोकांना मिठ्या मारतोय. स्वतः रिपब्लिकन आणि निवडणूक आठवड्यावर असताना ओबामाबरोबर फिरून त्याची तारीफ करतोय. काही पोलमध्ये त्याची पसंती सत्तरच्या वर गेली होती आणि पुढच्या वर्षी साठ टक्के मतं घेऊन परत निवडून आला, तेसुद्धा डेमोक्रॅट लोकांच्या राज्यात!

आमचा एक नेहमीचा गिऱ्हाईक होता, रिटायर्ड प्लंबर, जुनी हिरवी पिकअप. सँडीत तो लाल कॅन घेऊन चालत आलेला, तीन तास उभा होता, माझ्यासाठी थर्मासमधून कॉफी आणली होती. तेव्हा म्हणाला होता, मी कधी रिपब्लिकनला मत दिलं नाही, पण याला देणार, हा इथे आहे. हे 'हा इथे आहे' माझ्या लक्षात राहिलं.

तो त्या रात्री साडेआठला आला. मी न विचारता म्हटलं फुल ना? म्हणाला, छे, वीसच, नेहमीसारखे, तीन डॉलरसाठी मी त्या माणसाला माझी संध्याकाळ देणार नाही. मग भरेपर्यंत काच खाली करून बोलत बसला. मला वाटलं टॅक्सवरून सुरू होईल, तर म्हणे टॅक्स द्यायलाच पाहिजे होता, रस्ते बघ, रस्त्यांचा फंड रिकामा झाला तरी वर्षानुवर्षं कोणी हात लावला नाही. खरं होतं ते. त्या उन्हाळ्यात पैसे नाहीत म्हणून क्रिस्टीने रस्त्यांची बरीच कामंच थांबवली होती, आमच्या समोरच केशरी ड्रम महिनोन् महिने नुसते उभे होते. मग म्हटलं राग कशाचा? तर म्हणाला, सोडून गेला रे. प्रेसिडेंट व्हायला निघाला, न्यू हॅम्पशायरमध्ये जाऊन बसला, तिकडे हरला आणि मग त्या ट्रम्पच्या मागे हात बांधून उभा राहिला. आम्ही त्याला निवडून दिलं आणि तो आमच्याकडे ब्रेकअप झालेल्या मुलीसारखा बघत पण नाही. आणि तो पूल!

पुलाचं सांगतो. सप्टेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कला जाणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिजवर चढायच्या, फोर्ट ली गावाच्या तीन लेनपैकी दोन अचानक बंद केल्या, चार दिवसांच्या वर सगळं गाव जाम. नंतर ईमेल बाहेर आले की हे क्रिस्टीच्या ऑफिसातल्या बाईंनी आणि त्याच्या माणसांनी मुद्दाम केलं होतं, कारण तिथल्या मेयरने त्याला पाठिंबा दिला नाही. मला माहीतच नव्हतं असं तो शेवटपर्यंत म्हणत राहिला, त्याच्यावर केस पण झाली नाही. पण आमच्या पंपावर येणारा प्रत्येक माणूस ट्रॅफिकमध्येच जगतो, त्याला भ्रष्टाचार कदाचित माफ असेल, मुद्दाम केलेला ट्रॅफिक जाम माफ नाही. (टॅक्स वाढला त्याच आठवड्यात शुक्रवारी नुआर्कच्या कोर्टात त्याची दोन माणसं दोषी ठरली. पुढे २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं, पण तोवर कोणाला पडली होती.)

साडेनऊला सांगलीहून ताईचा फोन. तिकडे सकाळचे सात, भाऊबीज. मी एका हाताने नोझल धरून, मान वाकडी करून बोलतोय आणि मागून हॉर्न. ती म्हणाली एवढा आवाज कसला? म्हटलं गव्हर्नरला शिव्या चालल्यात. ती म्हणाली, अरे राज्यपालाला कोण शिव्या देतं, तो बिचारा राजभवनात असतो, आपल्याकडे तर निम्म्या लोकांना नाव पण माहीत नसतं! आता तिला काय सांगू की इथला गव्हर्नर म्हणजे आपला मुख्यमंत्री, लोक मत देऊन आणतात म्हणून हक्काने शिव्या पण देतात. एवढंच म्हटलं की ओवाळणी उद्या पाठवतो.

साडेदहानंतर चेटकिणीच्या टोप्या, सांगाडे, एक चार फुटी स्पायडरमॅन मागच्या सीटवर झोपलेला, असे लोक यायला लागले. एकजण क्रिस्टीचा मुखवटा घालून आला. खरंच. काच खाली केली आणि मला म्हणाला, थँक यू फॉर युअर कॉन्ट्रिब्युशन. दिवसभरात मी तेव्हा पहिल्यांदा हसलो. त्याने मला पाच डॉलर टीप दिली, ती मुखवट्याची कमाई धरायची की माझी, माहीत नाही.

बाराला पाच कमी असताना पाजींनी लांब दांडा काढला. बोर्डवर प्लॅस्टिकचे आकडे असतात, ते दांड्याच्या टोकाच्या रबरी वाटीला चिकटवून काढायचे-बसवायचे. कॅशचा भाव दोन शून्य सहा होता, तो दोन एकोणतीस करायचा. डब्यात बघतो तर दोनचे आकडे आहेत, नऊ एकही नाही. पाजी दोन मिनिटं डोकं धरून उभे. मग मीच वरचा सहा काढला, उलटा केला आणि परत बसवला. इंग्रजी सहा, उलटा की नऊ. दोन्ही बाजूंना. रस्त्याच्या पलीकडून बघितलं तर जरा वाकडा दिसत होता, पण चाललं.

लाईन एका मिनिटात गायब. शेवटची गाडी वळली तशी मागच्या पाच-सहा तशाच निघून गेल्या. मी घरी गेलो तेव्हा एक वाजून गेला होता, बायको सोफ्यावरच झोपलेली, शेजारी ताट तयार. उठून म्हणाली, अहो आधी आंघोळ करा, तुम्हाला ओवाळायला निरांजन आणलं तर भडका उडेल.

पुढे २०१७ च्या जूनमध्ये क्विनिपिअ‍ॅक युनिव्हर्सिटीच्या पोलमध्ये त्याची पसंती १५ टक्क्यांवर आली. आणि जुलैत ते बीचवालं. बजेटवरून सरकारी कामकाज बंद, त्यामुळे स्टेट पार्क आणि तिथले बीच लोकांना बंद, आणि हा फॅमिलीबरोबर बंद बीचवर खुर्ची टाकून बसलेला, विमानातून पेपरवाल्याने फोटो काढला. २०११ मध्ये आयरीन वादळाच्या वेळी हाच लोकांना ओरडला होता की बीचवरून चालते व्हा. त्या वीकेंडला पंपावर सगळ्यांच्या फोनवर तो फोटो. पण ओरडत कोणीच नव्हतं, सगळे हसत होते. हिरव्या पिकअपवाल्याने तर फोनमधली खुर्ची मोठी करून मला दाखवली आणि वीस डॉलर दिले.

पाजींचा तो कागद तेव्हा पण बूथच्या काचेवर होता, उन्हाने पिवळा पडलेला. पाजी म्हणाले काढून टाक आता, कोण ओरडतंय. चिकटपट्टीचे डाग मात्र मला ब्लेडने खरवडून काढावे लागले.